कूलरसमोरची जागा

चैत्र लागला की आमच्या वाशीमकडच्या मालेगावात घरोघरी एकच काम निघतं. माळ्यावरचे, जिन्याखालचे, न्हाणीमागे पोत्यात गुंडाळून ठेवलेले कूलर बाहेर येतात. टाकीतून गेल्या वर्षीची माती निघते, पालीची अंडी निघतात, एकदा तर आमच्या टाकीतून माझं हरवलेलं लाटणं निघालं होतं. जुनं गवत उपसून फेकायचं, बाजूच्या जाळीच्या ताट्यांमध्ये नवं भरायचं, मोटरला तेल द्यायचं, पंप पाणी चढवतो की नाही ते पाहायचं. पहिल्यांदा कूलर सुरू झाला की नव्या गवताचा ओला वास घरभर होतो. आणि मग पुढचे दोन-अडीच महिने घरात कोणीच कोणाशी हळू बोलत नाही, कारण हळू बोललेलं ऐकूच येत नाही.

परवा आमचाही कूलर खाली आला. मी ताट्यांमध्ये गवत भरत बसले होते आणि आतल्या खोलीत समताचं काम चाललं होतं. तिच्या टेबलाशेजारी, विटांवर ठेवलेल्या पाटावर, तिचा काळा कॉम्प्युटर सुरू होता. तो सुरू आहे हे मला त्याच्या बारक्या पांढऱ्या दिव्यावरून कळलं. शेजारणीचा मिक्सर दोन घरं पलीकडून ऐकू येत होता, पण हाताच्या अंतरावरचं हे यंत्र गप्प. माझे हात गवतातच राहिले आणि मला तो उन्हाळा आठवला, ज्या उन्हाळ्यात माझ्या पोरीने हे यंत्र स्वतःच्या हातांनी बांधलं. बांधलं हाच शब्द मी वापरते. लोक म्हणतात जोडलं, असेंबल केलं. जोडतात नळाचे पाइप. घर बांधतात, आणि तिने जे केलं ते घर बांधण्यासारखंच होतं. आधी महिनाभर विचार, मग दोन दिवस काम, आणि पुढे आयुष्यभर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवणं. दाखवण्याचं खातं माझ्याकडे आहे.

समता आमची एकुलती एक. पुण्याला जाऊन तिने ॲनिमेशन, म्हणजे हलती चित्रं काढायचं शिक्षण घेतलं आणि तिथेच एका स्टुडिओत नोकरीला लागली. मुलांसाठी गोष्टी करायचे ते लोक. एकदा त्यांनी वऱ्हाडातल्या एका म्हशीची गोष्ट करायला घेतली. ही म्हैस बाजाराला जायला तयार नसते, एवढीच गोष्ट. म्हशीला आवाज द्यायला कोणी शहरी कलाकार बोलावला, आणि तो प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक 'बे' लावून मोकळा व्हायचा. झाली त्याची वऱ्हाडी. समताचं डोकं फिरलं. माझीच पोरगी ती, फिरणारच. तिने स्टुडिओच्या मोठ्या बाईंना सांगितलं, ही गोष्ट मी माझ्या घरून करून देते, चित्रं पण आणि आवाज पण. बाई शहाण्या होत्या. त्यांनी अट घातली की एप्रिल संपायच्या आत एक भाग पुरा करून पाठव. आवडला तर सगळी मालिका तुझी, घरीच राहून कर. नाही आवडला तर गुपचूप परत येऊन आपल्या खुर्चीवर बस आणि हा विषय पुन्हा काढू नकोस. समता फाल्गुनात घरी आली ती ही अट घेऊन. तिला परत जायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिने परत जाऊ नये असं मला तिच्याहून जास्त वाटत होतं.

आता अडचण अशी की आमचं घर दोन खोल्यांचं. पुण्याच्या स्टुडिओत चित्रं करणारी यंत्रं एका मजल्यावर घोंघावत असायची आणि आवाजाची खोली दुसऱ्या मजल्यावर, गाद्या लावून बंद केलेली. आमच्याकडे यंत्र आणि माइक एकाच टेबलावर येणार होते. म्हणजे कॉम्प्युटर असा हवा की चित्रं भराभरा तयार करेल, आणि असा हवा की शेजारी माइक लावला तर त्याला श्वाससुद्धा ऐकू जाणार नाही. वेग आणि शांतता एका जागी नांदत नाहीत हे मला पहिलीचा वर्ग सांभाळताना केव्हाच कळलेलं आहे. तिसरी गोष्ट ऊन. यंत्राला वेग दिला की ते तापतं, तापलं की पंखे लागतात, पंखे फिरले की आवाज होतो. आणि आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी काहीही न करता भिंतसुद्धा तापते.

त्यातून त्या घरात तिचे बाबा. समताचे बाबा काळी-पिवळी चालवतात, मालेगाव ते वाशीम. ज्यांना काळी-पिवळी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, माणसं मावतात तोवर आणि मावत नाहीत तरी भरायची ती जीप. स्टँडवर उभं राहून 'वाशीम, वाशीम, वाशीम' अशी हाक घालून घालून त्यांचा गळा असा झालाय की आमच्या स्वयंपाकघरात मला ते निघाल्याचं कळतं. घरात ते मीठ मागतात तेही स्टँडवरूनच मागितल्यासारखं. समताने सगळ्या जगातून म्हशीच्या आवाजासाठी माणूस निवडला तो हाच. मी हसले होते. पण तिने मोबाइलवर त्यांच्याकडून दोन वाक्यं म्हणवून घेऊन मला ऐकवली, आणि मी हसायची थांबले. ती म्हैस खरी होती. अडेल, मायाळू, आणि आमच्या इकडची.

त्या फाल्गुनाच्या दुपारी मला अजून जशाच्या तशा आठवतात. सकाळची शाळा करून मी घरी यायची, ज्वारीची भाकरी आणि आंबाडीची भाजी व्हायची, आणि मग समता एकेक सुटा भाग घेऊन बसायची. घेऊन म्हणजे मोबाइलवर. अजून घरात काहीच आलेलं नव्हतं. प्रोसेसर म्हणजे त्या यंत्राचा मेंदू, हे मला माहीत होतं. पण तोच मेंदू कारखान्यातून ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येतो, त्याला ओव्हरक्लॉक म्हणतात, हे तिने सांगितलं. तिचे बाबा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "म्हंजे डिझेलचा पंप वाढवाचा म्हन ना." समताने मान डोलावली. तेव्हापासून आमच्या घरात त्याला पंप वाढवणंच म्हणतात.

तिची निवड पाहताना मला एक गंमत कळली. ती वेगाकडे पाहत नव्हती. वेगवान भाग कोणीही निवडेल, दुकानदार तोच पुढे करतो. ती प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारायची, तू तापल्यावर कसा वागतोस? माणसं पारखायलाही हा प्रश्न बरा आहे. इंटरनेटवर लोकांनी मापं घेऊन ठेवलेली असतात, कोणता भाग किती तापला, किती आवाज झाला. समता ती वाचून वैतागायची. ज्या खोल्यांत ती मापं घेतली त्या खोल्यांत माणसं मे महिन्यात स्वेटर घालून बसत असावीत. मग तिने माझ्या शाळेतला तापमापक आणून आतल्या खोलीत खिळ्याला टांगला आणि भर दुपारी तो पाहून ती सगळी परकी मापं आपल्या हिशोबाने वर सरकवली. त्या मापांत अर्धे भाग नापास झाले. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. आजवर परीक्षेला आम्हीच बसत आलोय, कधी नव्हे ते मालेगावच्या दुपारने कोणाची तरी परीक्षा घेतली.

जे पास झाले ते असे. मेंदूवर बसवायला धातूच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा, उष्णता ओढून घेणारा, हीटसिंक म्हणतात त्याला. तो तिने एवढा मोठा मागवला की अकोल्याच्या दुकानदाराने फोन करून विचारलं, ताई, चुकून तर नाही ना दाबलं गेलं? पाण्यावर थंड करणारे चकचकीत प्रकारही होते, पण त्यात पंप असतो आणि पंप गुणगुणतो, म्हणून तिने ते सोडले. पंखे मोठे आणि हळू फिरणारे. मोठा पंखा हळू फिरला तरी वारा तेवढाच देतो आणि ओरडत नाही. वीज पुरवणारी पेटी गरजेपेक्षा दांडगी, म्हणजे ती कधी दमणार नाही आणि तिचा स्वतःचा पंखा बहुतेक वेळ थांबलेलाच राहील. फिरणारी डिस्क नाहीच. आणि बाहेरचा डबा साधा, काळा, पुढून जाळीचा. त्याच किमतीत काचेचे, रंगीबेरंगी दिव्यांचे डबे मिळत होते. तिच्या बाबांचा जीव त्या दिव्यांत अडकला होता, त्यांच्या जीपला आहेत तसे. समता म्हणाली, दिव्यांनी वारा येत नाही.

जाळीतून वारा येईल तशी धूळही येणार. आमच्या भागात उन्हाळ्यात नांगरून ठेवलेल्या काळ्या रानावरून वावटळी उठतात आणि संध्याकाळी ताटात वाढलेल्या भातावरही त्यांची चव लागते. तयार गाळण्या मिळत होत्या, त्या समताला पटेनात. एकीतून धूळ जायची, दुसरीतून वारा जाईना. मी माझं पापडाचं पीठ वस्त्रगाळ करायचं कापड पुढे केलं. तिने ते उन्हाकडे धरून पाहिलं, तोंडाने त्यातून फुंकर घालून पाहिली, आणि दोन दिवस विचार करून पसंत केलं. मी त्याला कडेने लोहचुंबकाची पट्टी शिवून दिली. ते कापड आजही त्या जाळीवर आहे. दर महिन्याला मी धुते आणि निघालेलं पाणी समताला दाखवते.

बांधायच्या दिवशी खाटेवर धुतलेली चादर अंथरली होती. समताने आधी लोखंडी खिडकीला हात लावला, अंगातली वीज उतरवायला. मेंदूची उष्णता ठोकळ्यात उतरावी म्हणून मध्ये पांढरी मलई लावायची ती तुरीच्या दाण्याएवढी. तिच्या बाबांना ते पटेना. त्यांचं म्हणणं, चाकाच्या बेअरिंगला ग्रीस भरतात तसं चोपडून लाव, कंजुशी कायले? तिने शांतपणे समजावलं की जास्त झाली तर उष्णता अडते. मग तो प्रचंड ठोकळा बसवताना एक हात कमी पडला, तेव्हा तिने त्यांनाच स्क्रू आवळायला दिले, तिरके समोरासमोर, थोडे थोडे, जसे चाकाचे नट आवळतात. ते त्यांना न सांगता जमलं. दोघांच्या कपाळावर सारखाच घाम आणि सारखीच आठी. मी दारात उभी राहून पाहत होते आणि शेजारच्या काकूंनी हाक मारली तरी गेले नाही.

बटण दाबलं. काहीच झालं नाही असं आम्हा दोघांना वाटलं. तिचे बाबा थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, चालू कर ना. ती म्हणाली, चालू आहे. ते खाली बसले, डब्याला कान लावला, मग दुसरा कान लावला. जीपचं इंजिन ऐकून कोणत्या सिलेंडरला काय दुखतं ते सांगणारा माणूस तो. मुक्या यंत्रावर त्यांचा विश्वास बसेना. कितीतरी दिवस ते येता-जाता डब्याच्या मागे तळहात धरून पाहायचे, गरम वारा येतो का. येत असला की समाधानाने पुढे जायचे.

पंप वाढवायचं काम समताने मुद्दाम दुपारी केलं, कूलर बंद ठेवून. आम्ही दोघं बाहेर निंबाखाली आणि ती आत, ओढणीने मान पुसत. दूध उतू जायच्या बेतात आलं की आपण गॅस बारीक करतो, तसं चाललं होतं. थोडा वेग वाढवायचा, यंत्राला कठीण काम लावायचं, ते कोसळतं का पाहायचं, कोसळलं की थोडं मागे यायचं. मी म्हणाले, सकाळी कर की, गारव्यात. ती म्हणाली, "आई, जे दुपारी टिकलं थे कवाही टिकते. सकाळी पास झालेलं दुपारी फेल होते." तीन-चार दिवसांनी तिला तिची जागा सापडली. कारखान्याने दिलेल्या वेगापेक्षा कितीतरी पुढे, आणि तरीही आवाज असा की वहीचं पान उलटलं तर ते जास्त वाजेल. मी शाळेत तो विषय इतक्या वेळा काढला की बाकीच्या शिक्षिका मला पाहून डबे उघडायला लागल्या.

आणि मग आम्ही त्या यंत्राचा पाहुणचार केला.

आमच्याकडे उन्हाळ्यात पाहुण्याचा मान एकाच गोष्टीत असतो. जेवण साधं चालेल, पण त्याची खाट कूलरसमोर पडली पाहिजे. घरचा माणूस कितीही दमून आलेला असो, पाहुणा आला की तो उठून बाजूला होतो. लहान मुलांनाही हे शिकवावं लागत नाही. एके दिवशी इंझोरीला, माझ्या माहेरी, भाचीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. मी आणि समता गेलो. यंत्रावर चित्रं तयार होत होती, ते बंद करायचं नव्हतं, म्हणून तिचे बाबा जीप उभी करून घरी थांबले, राखण म्हणून. दुपारी त्यांनी सवयीने डब्याच्या मागे तळहात धरला. वारा रोजच्यापेक्षा कढत लागला. त्यांनी स्टूल आणलं, कॉम्प्युटर उचलून त्यावर ठेवला, आणि तो अगदी कूलरच्या तोंडापाशी नेऊन बसवला. पाहुण्याच्या जागेवर. स्वतः घामाने निथळत कोपऱ्यात बसून राहिले.

कूलरचा वारा गार असतो तो पाण्यामुळे, आणि आमचं बोअरचं पाणी असं जड की तांब्यावर पांढरा थर धरतं. त्या दिवशी पंपाचं पाणी ताटीवरून जरा जास्तच सुटलं होतं. आम्ही संध्याकाळी परतलो तेव्हा यंत्र बंद पडलेलं होतं. समताने झाकण उघडलं. आत धातूवर बारीक थेंब होते, आणि काही थेंब सुकून पांढरे ठिपके झालेले. माझ्या कापडाने धूळ अडवली होती, पाणी ते कसं अडवणार?

तिचे बाबा दारातच उभे होते. ते म्हणाले, "त्याच्या मांगून गरम वाफा येऊन राह्यल्या होत्या. मले वाटलं, घरात कूलर हाय अन हे बिचारं कायले भाजून राह्यलं." समता रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पेचकस घेतला आणि एकेक भाग सोडवायला बसली.

दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात दोन वाळवणं होती. उन्हात माझ्या कुरडया, आणि निंबाच्या सावलीत, दोन सुपांमध्ये, समताचा कॉम्प्युटर. तिने ते पांढरे ठिपके औषधाच्या दुकानातून आणलेल्या स्पिरिटने आणि मऊ ब्रशने एकेक पुसून काढले होते. मी म्हणाले उन्हात ठेवू, लवकर वाळेल. तिने नाही म्हटलं. शेजारच्या काकू कुरडया मोजायच्या निमित्ताने आल्या, सुपात डोकावल्या, आणि हे तळून खातात का म्हणून विचारून गेल्या. हसू आलं, पण ओठांवरच राहिलं. एप्रिलचे थोडेच दिवस उरले होते. तिचे बाबा त्या दिवशी स्टँडवर गेले, पण मला स्वयंपाकघरात त्यांची हाक ऐकू आली नाही. मी कान देऊन होते.

पुन्हा बांधलं तेव्हा दिवा लागला. मेंदू वाचला होता, चित्रांचं कार्ड वाचलं होतं, झालेलं कामही जागेवर होतं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. मग कुरकुर ऐकू आली. ठोकळ्यावरच्या मोठ्या पंख्याच्या बेअरिंगमध्ये पाणी गेलं होतं. फिरताना तो जुन्या पाळण्यासारखा वाजत होता. अकोल्याला तसा पंखा शिल्लक नव्हता. दुसरा मिळाला तो चालायचा, पण ओरडायचा. हवा तसा यायला लागणारे दिवस आमच्याकडे नव्हते. चित्रांचं ठीक होतं, ती दिवसा ओरडणाऱ्या पंख्यावर झाली असती. दिवसा कूलर असतोच, त्यात आणखी एक. पण आवाज अजून भरायचा होता. मोबाइलवर घेतलेला होता तो अंदाजापुरता. म्हशीची सगळी वाक्यं माइकवर घ्यायची राहिली होती, आणि पंख्याची कुरकुर त्या माइकला म्हशीच्या आधी ऐकू गेली असती.

समताने झाकण उघडून ठोकळ्यावरचा तो पंखा बोटाने फिरवून पाहिला. मग म्हणाली, पंखा काढूनच टाकू. तिने मला सांगितलं ते असं. आवाज भरताना यंत्राला काम थोडंच असतं. वाढवलेला पंप तेवढ्यापुरता उतरवायचा, अगदी खाली आणायचा, आणि उष्णता नुसत्या त्या ठोकळ्यावर सोडायची. लहान ठोकळा असता तर अशक्य होतं. पण तिने तो गरजेपेक्षा मोठा घेतला होता, ज्याच्यासाठी दुकानदाराने फोन केला होता तो. पहाटे हवा गार असते, कूलरही लागत नाही. तेवढा वेळ तो तग धरेल. माझ्या पोरीने फाल्गुनातल्या दुपारी जे निवडून ठेवलं होतं ते चैत्रातल्या पडत्या दिवसाला असं उपयोगी आलं, आणि हे सांगताना माझी मान आजही ताठ होते. तुम्हाला गर्व वाटला तर वाटू द्या.

पहाटे उजाडता उजाडता आम्ही तिघं आतल्या खोलीत. दारं लावलेली, भिंतींना गोधड्या टांगलेल्या. माझी सकाळची शाळा होती, मी साडी नेसूनच दाराशी बसले होते. पंखे सगळे थांबलेले. समताची एक नजर माइकवर आणि एक पडद्यावरच्या आकड्यावर, यंत्र किती तापलं ते दाखवणाऱ्या. तिने बोट वर केलं. तिच्या बाबांनी म्हशीचं पहिलं वाक्य म्हटलं.

तो आवाज त्यांचा नव्हताच. दवाखान्यात आजारी माणसाजवळ बोलतात तसं ते बोलले. तिने पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. अंग चोरून, त्या काळ्या डब्याकडे पाहत, जणू जरा मोठ्याने बोललं तर तो पुन्हा बंद पडेल. तिसऱ्यांदा तर वाक्य अर्धंच आलं. पडद्यावरचा आकडा हळूहळू वर चढत होता. बाहेर उजाडत होतं. थोड्या वेळाने रस्ता जागा झाला असता, दुधवाल्यांच्या गाड्या सुरू झाल्या असत्या. मला वाटलं संपलं. पोरगी पुण्याला जाणार, आणि हा माणूस जन्मभर स्टँडवर असाच हळू बोलणार.

समताने माइक बंद केला. ती उठून त्यांच्यासमोर खाली बसली. त्यांचा तळहात तिने धरून त्या डब्याच्या मागे ठेवला. पंखे नव्हते, वारा नव्हता, नुसतीच ऊब असणार. ती म्हणाली, "बाबा, हे मशीन चूप राहाव म्हून मी बनोली. तुमी चूप राहाव म्हून नाई."

त्यांचा हात तिथेच. मग त्यांनी घसा साफ केला. समता जागेवर गेली, बोट वर केलं, आणि म्हशीने मालकाला जे सुनावलं ते गोधड्यांना भेदून गेलं असावं, कारण शेजारच्या काकूंची खिडकी उघडल्याचा आवाज आला. समता हसली, पण थांबली नाही. ते वाक्य, पुढचं वाक्य, त्याच्या पुढचं. मध्ये एकदा म्हशीला रडू येतं. तिथे त्यांनी आवाज खाली आणला तो भीतीने नाही, म्हशीसाठी आणला. शेवटचं वाक्य झालं तेव्हा आकडा लाल होऊन बसला होता आणि समताने घाईने डब्यातले पंखे सुरू केले. मी शाळेत उशिरा पोचले. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं, आणि मी ते एवढं सविस्तर सांगितलं की त्यांनीच मला वर्गात पिटाळलं.

भाग वेळेत गेला. उत्तर यायला लागले ते दिवस मी सांगत नाही, ज्यांनी मुलांच्या निकालाची वाट पाहिली आहे त्यांना ते ठाऊक आहेत. मग बाईंचा फोन आला. मालिका तुझी, म्हणाल्या. आणि विचारलं की आवाज कोणत्या स्टुडिओत भरला, मागे एवढी शांतता आहे म्हणून. समताने सांगितलं, आमच्या घरी. बाई म्हणाल्या, मग तो स्टुडिओ सोडू नकोस.

बुद्ध पौर्णिमेला संध्याकाळी विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली, आणि बाईंच्या परवानगीने भिंतीवर पांढरी चादर लावून समताने तो भाग दाखवला. आजूबाजूच्या वस्त्यांतली माणसं, बाया, लेकरं, सतरंजीवर दाटीने बसलेली. म्हैस बोलली आणि लेकरं आधी दचकली, मग खिदळली. जीपमध्ये रोज बसणाऱ्या बाया एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या. म्हैस रडली तेव्हा माझ्या पुढच्या म्हातारीने पदर डोळ्याला लावला. शेवटी चादरीवर नावं आली. आवाज, देविदास सखाराम इंगोले. हे नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत मी कधी पाहिलं नव्हतं. लायसन्सवर पाहिलं होतं, रेशनकार्डावर पाहिलं होतं, तिथे ते चुकीचंही लिहिलेलं होतं. चादर वाऱ्याने हलली तशी अक्षरंही हलली. त्याच्याखाली समताचं नाव. मी दोन्ही नावं पुरी वाचली आणि पुन्हा वाचली. अभिमानाने छाती भरून येते असं मी मुलांच्या निबंधांत वर्षानुवर्षं वाचत आले. खरंच येते, आणि थोडं दुखतंही.

ती म्हातारी मागे वळली आणि पोरीला विचारू लागली की त्या म्हशीचं पुढं काय होते, कवा दाखवता. समता उत्तर द्यायच्या आधीच तिच्या बाबांनी दिलं. अख्ख्या विहाराला ऐकू जाईल असं, उभं राहून.

"उद्या पहाटे रेकॉर्डिंग हाय मायं. आज मले लवकर झोपाव लागते."